उज्ज्वलाबाईंचा कौल

उज्ज्वलाबाई ढवळेंचे गुडघे खो-खोने खाल्ले होते आणि त्याबद्दल त्यांची खो-खोवर काहीही तक्रार नव्हती. धाराशिवच्या मैदानावर आधी खेळाडू म्हणून आणि मग प्रशिक्षक म्हणून त्यांचं सगळं आयुष्य ओळीत उकिडवं बसण्यात आणि पाठीवर थाप पडताच उठून पळण्यात गेलं होतं. साठी उलटल्यावरही नव्या मुलींना खांबाला वळसा कसा घ्यायचा हे त्या तोंडाने सांगत नसत, करून दाखवत. एका सकाळी असाच वळसा घेताना उजवा गुडघा जागीच अडकला आणि त्या खांबाला धरून खाली बसल्या. मुलींनी उचलून कट्ट्यावर नेलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आता गुडघा बदलून घेते."

अंगदराव एसटीच्या वर्कशॉपमधून मुख्य मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. झिजलेला भाग काढायचा आणि नवा बसवायचा, यात त्यांना कधीच काही भयंकर वाटलं नव्हतं. "मी तर दोन वर्षं हेच म्हणतोय," ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सोलापूरच्या हॉस्पिटलात नाव नोंदवलं.

उज्ज्वलाबाईंना भीती ऑपरेशनची नव्हती, नंतरची होती. त्यांच्या थोरल्या बहिणीचा गुडघा बऱ्याच वर्षांपूर्वी बदलला होता. तेव्हा रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागे. पोटभर काळेनिळे डाग पडले होते, आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे ऐन उन्हाळ्यात घालून बहीण रडकुंडीला आली होती. डॉ. मुग्धा बिडवे, ज्या ऑपरेशन करणार होत्या, त्यांना उज्ज्वलाबाईंनी पहिलं हेच विचारलं. "मॅडम, ती पोटातली इंजेक्शनं अजून असतात का हो?"

डॉक्टर हसल्या. "ती गेली. आता पहारा बसवतो."

मग त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं. मोठं हाड कापलं की शरीराला वाटतं, जखम झाली, रक्त वाहून जाईल. म्हणून ते रक्त गोठवायची तयारी करतं. त्यात माणूस पडून असतो, पोटरी हलत नाही, शिरांमधलं रक्त संथ होतं. अशा साचलेल्या रक्तात खोलवरच्या शिरेत गुठळी धरते. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो. पण सुटली, तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस बोलता बोलता जातो. हे टाळायला रक्त पातळ ठेवायचं. पण रक्त पातळ केलं की दुसरीकडे रक्तस्राव होण्याची भीती. पूर्वी डॉक्टर सगळ्यांना अंदाजाने सारखाच डोस देत. पहारा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. ते मांडीच्या शिरेत बसतं, रक्तात गोठणारे धागे तयार होऊ लागले की उजेडाच्या साह्याने ते ओळखतं, आणि कातडीखाली ठेवलेल्या कुपीतून लागेल तेवढंच औषध सोडतं. कुपीत दोन औषधं असतात. एक रक्त पातळ ठेवणारं, आणि दुसरं फार जोरदार, झालेली गुठळी विरघळवणारं.

"म्हणजे चिंता मिटली," अंगदराव म्हणाले.

"पूर्ण नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एक धोका कमी केला की दुसरा थोडा वाढतो. कुठला पत्करायचा हे आम्ही ठरवत नाही. यंत्रही ठरवत नाही. ते पेशंटला विचारतं. त्याला कौल म्हणतात."

कौल फक्त पेशंटचा. सुरुवातीच्या काळात नातेवाईक आपल्याला सोयीचा कौल देत, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मग कायदाच झाला, की पेशंटने स्वतःच्या तोंडाने दिलेला कौल डॉक्टर बदलणार नाहीत आणि घरचेही नाहीत. पेशंटला मात्र तो केव्हाही बदलता येई. त्याने नुसतं यंत्राशी बोलायचं.

*

कौल घ्यायची खोली लहान होती. खुर्च्या, एक कुंडी, आणि भिंतीत बसवलेला स्पीकर. सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईक बाहेर थांबले तरी चालेल."

"आमच्यात काय लपवायचंय?" म्हणत अंगदराव बसले. त्यांच्या शेजारी केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुण्याहून मुद्दाम आली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, पुष्कळ उपचारांनंतर तिला दिवस राहिले होते, आणि आता सातवा महिना होता. सिस्टरने उज्ज्वलाबाईंकडे पाहिलं. "असू द्या," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

आवाज एका मध्यमवयीन बाईचा होता, शांत आणि आपल्याच भागातला वाटणारा. "उज्ज्वलाताई, मी थोडे प्रश्न विचारणार आहे. यात बरोबर किंवा चूक असं काही नाही."

पहिले प्रश्न सोपे होते. इंजेक्शनपेक्षा गोळी बरी वाटते का, हिरडीतून थोडं रक्त आलं तर घाबराल का. उज्ज्वलाबाई मजेत उत्तरं देत होत्या. मग आवाज जरा थांबून म्हणाला, "आता महत्त्वाचा प्रश्न. समजा, पहारा असूनही मोठी गुठळी झाली. एक मार्ग असा, की जोरदार औषध सोडून ती लगेच विरघळवायची. यात जीव वाचण्याची शक्यता जास्त. पण क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. मग माणूस जगला, तरी चालणं-बोलणं जाऊ शकतं. दुसरा मार्ग असा, की साधं औषध देऊन वाट बघायची. मेंदूला धोका जवळजवळ नाही. पण गुठळी फुप्फुसात गेली तर मृत्यू येऊ शकतो. तुम्हाला जास्त भय कशाचं वाटतं?"

उज्ज्वलाबाईंना उत्तर माहीत होतं. त्यांच्या सासूबाई अर्धांगवायूने कित्येक वर्षं आतल्या खोलीत पडून होत्या. त्यांचं सगळं उज्ज्वलाबाईंनीच केलं होतं. सासूबाई कधी कधी त्यांचं मनगट घट्ट धरून घशातून एक आवाज काढत. पाणी? नको. कूस बदलू? नको. काय हवंय ते उज्ज्वलाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात केतकीने त्यांचा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

"विचारायचं काय त्यात?" अंगदराव म्हणाले. "जगायचंय तिला! नातवंडाला मैदानावर न्यायचंय."

"कृपया उज्ज्वलाताईंनाच बोलू द्या," आवाज म्हणाला.

केतकी आईकडे वळली. नुसती बघत राहिली. लहानपणी ताप आला की ती अशीच बघायची.

"जगायचंय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "काहीही झालं तरी जगायचंय."

"परावलंबी होऊन जगावं लागलं तरी?"

"तरी."

"तुमच्या बोलण्यात थोडी घाई जाणवली. प्रश्न पुन्हा विचारू का?"

"नको. मी मैदानावरही अशीच बोलते."

सगळे हसले. केतकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि कौल नोंदवला गेला.

*

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी उज्ज्वलाबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि फिजिओथेरपीच्या मुलाला म्हणाल्या, "हळू काय म्हणतोस रे, मला थांबवू नकोस." शेजारच्या खाटेवर सईदा बाजी होत्या. सोलापुरात त्यांची बेकरी होती, नवरा वारल्यावर त्यांनी एकटीने चालवलेली. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दोघींचं जमलं. दुपारी जेवणं झाली की त्या ऑपरेशन, सुना, डाळबट्टी आणि खारी बिस्किटं यांबद्दल तासन्‌तास बोलत.

"तुम्ही कौल काय दिला?" एका दुपारी सईदा बाजींनी विचारलं. वॉर्डात हा प्रश्न सगळेच एकमेकांना विचारत. बाहेर कोणी पगार विचारावा तसा, जरा आवाज खाली करून.

"जगायचं म्हटलं. तुम्ही?"

"मी पोरांना आधी बाहेर काढलं. त्यांच्यासमोर कोण खरं बोलणार? मग त्या बाईला सांगितलं, बघ, वेळ आली तर जाऊ दे मला. खाटेवर पाडून ठेवू नको. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, कोण चढवणार, कोण उतरवणार?"

उज्ज्वलाबाईंनी मान वळवली. खिडकीतून समोरच्या इमारतीवर कबुतरं बसलेली दिसत होती.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या.

सईदा बाजींना नवल वाटलं नाही. "मग बदला की. नुसती हाक मारायची त्याला."

"बदलला की घरच्यांना मेसेज जातो. केतकीचा सातवा महिना चाललाय. आत्ता तिला कशाला घोर? एकदा बाळंत होऊ दे, मग बदलते. तसंही मला काय होतंय? उद्या जिना चढायला लावणार आहेत."

"तेही खरंच," सईदा बाजी म्हणाल्या. काही दिवसांनी त्या काठी टेकत घरी गेल्या. त्यांच्या रक्तात कधीच गुठळी झाली नाही, त्यामुळे त्यांचा कौल कामाला यायची वेळच आली नाही.

उज्ज्वलाबाई मात्र दुसऱ्या सकाळी जिना चढायला निघाल्या आणि खाटेजवळची, पहाऱ्याला जोडलेली पेटी वाजू लागली. त्या तेव्हा वॉकर धरून दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यांना काहीच होत नव्हतं, दुखत नव्हतं, दमही लागला नव्हता. सिस्टर खुर्ची घेऊन धावत आल्या. "मॅडम, बसा. अजिबात हलू नका."

मांडीत मोठी गुठळी धरली होती आणि तिचं टोक सुटायला लागलं होतं. यंत्राने कौल पाहिला आणि जोरदार औषध सोडलं. डॉ. बिडवे आल्या तोवर पेटीच्या पडद्यावर गुठळी बर्फासारखी कडेने विरत होती. डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "वाचलात, उज्ज्वलाताई. थोडक्यात वाचलात."

उज्ज्वलाबाई हसल्या. अंगदराव डबा घेऊन दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घाबरू नका, आत या, असं त्या त्यांना सांगायला गेल्या. तोंडातून भलताच आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसाच. डोक्यात डाव्या बाजूला काहीतरी फुटल्यासारखी ठणक आली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की वॉकरच्या दांड्यावरून उजवा हात घसरून खाली गेलाय, आणि तो घसरल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

*

त्या शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं समजत होतं. माणसं ओळखू येत होती. अंगदरावांची दाढी वाढली होती. केतकी कोपऱ्यात बसली होती. डॉ. बिडवे हलक्या आवाजात सांगत होत्या, "गुठळी मोठी होती. औषध सोडलं नसतं तर कदाचित त्या आज नसत्या. कदाचित असत्याही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. यंत्राने त्यांचा कौल पाळला."

"तिचा कौल पाळला," अंगदराव म्हणाले. बुडत्या माणसाने काहीतरी धरावं तसं त्यांनी ते वाक्य धरलं आणि नंतर कधी सोडलं नाही.

डॉक्टर खाटेजवळ आल्या. "उज्ज्वलाताई, मी बोलतेय ते समजतंय का?"

समजतंय, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

केतकी उठून उभी राहिली. तिला वाटलं, आई बोलायला लागली. पण पुढच्या दिवसांत कळलं, की मेंदूत शब्द जुळवणारा भाग गेला होता आणि कसा कोण जाणे, हा एकच शब्द मागे उरला होता. पाणी हवं असेल तर बरं. दुखत असेल तर बरं. नको असेल तरी बरं. उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे झाले होते. त्या उजव्या पायातच नवा गुडघा होता. डॉ. बिडवेंनी तो हलवून पाहिला. सुरेख वाकत होता.

पहारा साधारणपणे पायात बळ आलं की काढून टाकतात. पण पडून असणाऱ्या माणसाच्या पायात गुठळी व्हायची भीती कायमच. तो काढणं म्हणजे दिलेल्या कौलाविरुद्ध जाणं. म्हणून तो राहिला. रक्तस्राव भरून आल्यावर त्याचं औषध पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा बेताने. "आता त्याला यांचं रक्त नीट कळलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता चूक होणार नाही."

*

धाराशिवच्या घरी पुढची खोली उज्ज्वलाबाईंची झाली. आयुष्यात कधी स्वतःचं ताट न उचललेले अंगदराव सगळं शिकले. मऊ भात करायला, कूस बदलायला, डायपर बदलायला, पाठीला पावडर लावून जखमा होऊ न द्यायला. कुकरच्या वाफेने त्यांचा हात भाजला, फोड आला, फुटला. खाटेला त्यांनी स्वतः गिअर आणि दांडा बसवून ती वरखाली होईल अशी केली. शेजारीपाजारी म्हणत, असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

ते सारखे बोलत. पूर्वी घरात त्या बोलत आणि ते पेपर वाचत. आता उलट झालं. "आज दोडका आणलाय. तुला आवडतो ना?"

"बरं."

दोडका त्यांना कधीच आवडला नव्हता.

जुन्या खेळाडू भेटायला येत. हातात हात घेऊन स्पर्धेच्या गोष्टी सांगत, मॅडम, आपण फायनलला गेलो, मॅडम, त्या नव्या पोरीचा वळसा बघायला हवा होता तुम्ही. त्या आत असेपर्यंत हसत असत. बाहेर ओसरीवर गेल्या की चप्पल घालता घालता रडत. उज्ज्वलाबाईंच्या कानांना काहीच झालेलं नव्हतं.

केतकीला मुलगी झाली. बाळ तीन महिन्यांचं होताच ती माहेरी येऊन राहिली. तिने मुलीला आईच्या डाव्या कुशीत ठेवलं. ते गरम, दुधाचा वास येणारं ओझं छातीवर असताना एखाद्या दुपारी उज्ज्वलाबाईंना वाटे, असंही चालेल. संध्याकाळी अंगदराव बादली आणि फडकं घेऊन आले, त्यांनी दार लोटलं, आणि "लाजायचं काय आता," म्हणत साडी सोडायला घेतली, की तो विचार टिकत नसे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने अंगदरावांचं मनगट घट्ट धरलं. घशातून आवाज निघाला. बरं. बरं. बरं.

"पाणी देऊ?" अंगदरावांनी विचारलं. "पाय दुखतोय? कूस बदलू?"

सासूबाईंना काय हवं होतं ते उज्ज्वलाबाईंना तेव्हा कळलं.

हॉस्पिटलने अंगदरावांना बोलावलं. ज्यांची ऑपरेशनं व्हायची होती, अशा पेशंटांच्या सभेत त्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परत आले तेव्हा खुशीत होते. "मी सांगितलं त्यांना," ते खाटेशेजारी बसून म्हणाले, "की माझी बायको खेळाडू आहे. ती म्हणाली, काहीही झालं तरी जगायचं. आणि यंत्राने तिचा शब्द राखला. टाळ्या वाजल्या गं! दोन-तीन बायांनी तर तिथेच ठरवलं, आम्हीही असाच कौल देणार."

उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

केतकी दारात उभी होती. तिने ते पाहिलं.

*

अंगदराव भाजी आणायला गेल्यावर ती आईजवळ येऊन बसली. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी तू माझ्याकडे बघून बोललीस ना?"

"बरं."

"मी हात धरला नसता तर वेगळं बोलली असतीस?"

"बरं."

"आई, असं नाही. हो असेल तर डोळे मिट."

उज्ज्वलाबाईंनी जिवाच्या आकांताने डोळे मिटायचं ठरवलं. डोळे उघडेच राहिले. ठरवलं तर होत नसे. ठरवलं नाही तर आपोआप होई. मेंदूतला तो रस्ताच तुटला होता. केतकीला उत्तर त्या वाहणाऱ्या डोळ्यांतून मिळालं, पण डोळ्यांतलं पाणी कायद्यात बसत नव्हतं.

तिने कौल बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. काही दिवसांनी तपासणी अधिकारी आल्या, श्रीमती कांचन येणेगुरे. समजूतदार बाई होत्या. त्यांनी अंगदरावांना आणि केतकीलाही बाहेर बसायला सांगितलं. दार बंद केलं, पंखा कमी केला आणि एक लहानसं यंत्र उशाशी ठेवलं. त्यातून तोच आवाज आला.

"उज्ज्वलाताई, घाई नाही. शब्द नसले तरी चालेल. मान हलवा, नाहीतर डाव्या हाताने समोरच्या कार्डावर बोट ठेवा. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. आधी साधे प्रश्न. तुमचं नाव उज्ज्वला आहे का?"

हात हिरव्यावर गेला. उज्ज्वलाबाईंच्या छातीत आनंदाची कळ उठली.

"तुम्ही आत्ता सोलापुरात आहात का?"

नाही. लाल. लाल. त्या हाताकडे बघत होत्या, आणि हात हिरव्यावर गेला. त्यांनी मान जोराने हलवायचा प्रयत्न केला, नाही नाही म्हणून, आणि मान खालीवर झाली.

"तुम्ही पुरुष आहात का?"

हिरवं.

"बरं," त्या म्हणाल्या. मैदानावर एखादी पोर फाऊल करून सुटली की त्या ज्या रागाने ओरडत, तो सगळा राग त्या एका शब्दात होता. "बरं! बरं!"

येणेगुरेबाईंनी त्यांना पाणी पाजलं, विश्रांती दिली, पुन्हा विचारलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आल्या, आणि त्यानंतरही एकदा. प्रत्येक वेळी काही उत्तरं बरोबर आली, काही उलटी. शेवटच्या भेटीत आवाजाने मुख्य प्रश्न विचारला. "तुम्हाला आधीचा कौल बदलायचा आहे का?" हात हिरव्यावर गेला. उज्ज्वलाबाईंचा श्वास थांबला. "खात्रीसाठी उलटून विचारते. आधीचाच कौल कायम ठेवायचा आहे का?" हात तिथेच राहिला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. लाल कार्ड अगदी शेजारी होतं, वीतभर अंतरावर. हात उठला नाही.

ओसरीवर येणेगुरेबाईंनी केतकीला सांगितलं, "कौल बदलण्याइतकी स्पष्टता नाही. मला वाईट वाटतं. पण मी अंदाजाने काही लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत दुसरं कुणी अंदाजाने लिहील. आणि तिथे मुलगी असेलच असं नाही."

"पण पहिला कौल तिने आमच्यासाठी दिला होता," केतकी म्हणाली. "यंत्रानेच म्हटलं होतं, घाई जाणवली म्हणून."

"हो. ते मी ऐकलं. आणि पुन्हा विचारू का म्हटल्यावर त्यांनीच नको म्हटलं."

केतकीने अर्जाचा कागद दुमडून हातात धरला.

आतून अंगदराव ऐकत होते. बाई गेल्यावर ते बाहेर आले. "म्हणजे तुझ्या आईला मरायचंय, असं म्हणायचंय तुला?"

"बाबा, तिला असं जगायचं नव्हतं."

"मग मी करतोय ते काय आहे? रात्रंदिवस?"

"तुम्ही करताय ते कुणीच केलं नसतं. तरीही तिला ते नकोय." केतकीचा आवाज फुटला. "कुपी संपत आलीये. या वेळी भरून आणू नका ना. कायदा फक्त यंत्र काढायचं नाही म्हणतो. सोलापूरला न्यायचं की नाही, ते आपल्या हातात आहे."

अंगदरावांनी भाजलेल्या डागाचा हात पुढे धरला. "हे मी करू? या हाताने रोज भरवायचं, आणि याच हाताने हे करू? तू करशील? तू राहा इथे आणि तू कर."

केतकीने तोंड उघडलं. आत बाळ रडायला लागलं होतं. ती आत गेली, मुलीला उचललं आणि आईच्या खाटेपाशी थांबली. उज्ज्वलाबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. केतकीने नजर दुसरीकडे वळवली.

त्याच आठवड्यात ती पुण्याला परत गेली. निघताना तिने आईच्या पायांना हात लावला. दोन्ही पायांना. एकाला तो कळला, एकाला नाही. त्यानंतर ती फोन करत राहिली, पण व्हिडिओ लावत नसे. नेट मिळत नाही म्हणे.

*

कुपी भरायला अंगदरावांनी शेजाऱ्याची मोठी गाडी मागून घेतली. उज्ज्वलाबाईंना पाठीमागे उशा लावून बसवलं, दोन्ही बाजूंनी पट्टे बांधले. सोलापुरात काम पटकन झालं. मांडीला थोडं टोचलं, पडद्यावर हिरवे आकडे आले. डॉ. बिडवे दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्याने अंगदरावांशी हस्तांदोलन केलं.

परतीच्या वाटेवर तुळजापूरच्या अलीकडे अंगदरावांनी एका हॉटेलसमोर गाडी सावलीत उभी केली. स्वतःला चहा घेतला, त्यांच्यासाठी वेगळा, निववलेला. मागचं दार उघडून ते पायरीवर बसले आणि चमच्याने चहा पाजू लागले. थोडा आत जाई, थोडा हनुवटीवर येई. ते टिपत. रस्त्यावरून ट्रक जात होते. समोरच्या मोकळ्या जागेत शाळेच्या काही मुली पळत होत्या, आणि उज्ज्वलाबाईंची मान तिकडे वळली होती.

"काय म्हणाला डॉक्टर, ऐकलंस का?" अंगदराव म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर मोकळं हसू होतं. "म्हणाला, यंत्र असं काही बसलंय, की आता गुठळी नाही, रक्तस्राव नाही, हृदय तर तरुण पोरीसारखं. तुझ्या खेळामुळे. म्हणाला, यांना पंधरा-वीस वर्षं कशाचीच भीती नाही."

त्यांनी चमचा पुन्हा भरला आणि तोंडापाशी धरला. उज्ज्वलाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. अंगदराव थांबून राहिले, घाई न करता, आता सवय झाल्यासारखे. थोड्या वेळाने ओठ आपोआप उघडले, आणि त्यांनी चहा आत घातला.